शेवाळ टेस्टमध्ये घाण पाण्याचा रिझल्ट उलटा येतोय? इनहिबिशन मायनस आलं की काय काय तपासायचं

परत तेच झालंय ना? सॅम्पलची बाटली उघडल्या उघडल्या कळतंय की पाणी बेकार आहे, वास येतोय, हलवलं की फेस, डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव) टाकले तर दुसऱ्या दिवशी सगळे तळाला, आणि शेवाळाच्या टेस्टमध्ये मात्र १०० टक्के सॅम्पलचा फ्लास्क कंट्रोलपेक्षा, म्हणजे सॅम्पल न घातलेल्या फ्लास्कपेक्षा, हिरवागार. एक्सेलमध्ये इनहिबिशन (कंट्रोलच्या तुलनेत वाढ किती टक्के दबली) मायनस ८, दुसऱ्या कॉलममध्ये मायनस ३६. मग माणूस काय करतो, एक तर मायनसच्या जागी शून्य टाकून "विषारी नाही" लिहून मोकळा होतो, नाहीतर "पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट होतं, खत मिळालं" असं म्हणून फाईल बंद करतो. मी हे दोन्ही केलेलं आहे, एकदा नाही बऱ्याचदा, आणि नंतर त्याच जागेची सॅम्पलं परत लावून तोंडावर आपटलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खत मिळालं हे उत्तर ऐकायला बरं वाटतं पण नीट विचार केला तर ते बसत नाही. आपण टेस्ट सुरू करतो मिलीलीटरला ५,००० ते १०,००० पेशींनी, आणि मीडियममध्ये (शेवाळ वाढवायच्या पोषक पाण्यात) जे काही घातलेलं असतं ते एवढ्या पेशींना ७२ तास पुरून उरावं अशाच हिशोबाने ठरवलेलं असतं. म्हणजे त्या तीन दिवसांत शेवाळाची वाढ अन्नामुळे अडलेली नसायला पाहिजे, ती प्रकाश आणि तापमान जेवढी होऊ देतील तेवढी होते. पोट भरलेल्याच्या पानात अजून वाढलं म्हणून तो दुप्पट जेवत नाही. तेव्हा सॅम्पलमधलं शेवाळ कंट्रोलच्या पुढे पळत असेल तर पहिला संशय सॅम्पलवर नको, कंट्रोलवर घ्या. बहुतेक वेळा सॅम्पल जिंकलेलं नसतं, कंट्रोल हरलेलं असतं. आणि कंट्रोल हरलं की त्याच्याशी तुलना करून काढलेले सगळेच आकडे वाकडे, फक्त मायनसवालेच नाही, ज्या सॅम्पलला २० टक्के इनहिबिशन आलं त्याचं खरं कदाचित ३५ असेल, पण ते प्लसमध्ये असल्यामुळे तिकडे कोणी ढुंकून बघत नाही.

आधी आकडा कशाचा काढलाय ते बघा

एकाच फ्लास्कमधून मायनस ८ पण येतं आणि मायनस ३६ पण येतं, हे कसं ते आधी सांगते कारण यावरून उगाच भांडणं होतात. आमच्या वहीतला एक जुना रन घ्या, आकडे समजायला राऊंड केलेत. सुरुवात १०,००० पेशी प्रति मिली. ७२ तासांनी कंट्रोल ४,८०,००० वर, सॅम्पल ६,५०,००० वर. म्हणजे कंट्रोल ४८ पट, सॅम्पल ६५ पट. नॅचरल लॉग घेऊन तीन दिवसांनी भागलं की वाढीचा दर येतो, कंट्रोलचा दिवसाला १.२९ आणि सॅम्पलचा १.३९. दरावरून काढलं तर इनहिबिशन मायनस ८ टक्के. आता कोणी नुसतं शेवटच्या पेशींमधून सुरुवातीच्या पेशी वजा केल्या, म्हणजे यील्ड काढलं, तर ४,७०,००० विरुद्ध ६,४०,०००, मायनस ३६ टक्के. दोन्ही गणितं बरोबर आहेत, फक्त पेशी दुपटीने वाढत असल्यामुळे दरातला छोटा फरक यील्डमध्ये फुगून दिसतो. एक जण ३६ घेऊन बसतो, दुसरा ८ घेऊन, आणि दोघांना वाटतं समोरच्याचं चुकलं. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शेवाळ टेस्टसाठीच्या २०१ नंबरच्या गाईडलाईनमध्ये दर जास्त भरवशाचा मानलाय आणि मलाही तेच पटतं. रिपोर्टमध्ये काय वापरलं ते लिहा, एवढंच.

पण याच आकड्यांत खरी गोम दुसरी आहे. कंट्रोलचा दर १.२९. गाईडलाईनची अट अशी की ७२ तासांत कंट्रोल किमान १६ पट वाढलं पाहिजे, म्हणजे दिवसाला ०.९२. आपलं ४८ पट झालं, पास. रेप्लिकेटमधल्या (एकसारख्या लावलेल्या फ्लास्कमधल्या) दराचा फरक ७ टक्क्यांच्या आत, पास. सगळे खूष. पण राफिडोसेलिस सबकॅपिटाटा, म्हणजे आपण सगळे वापरतो ते चंद्रकोरीच्या आकाराचं शेवाळ, नीट हवं ते मिळालं की दिवसाला १.५ ते १.७ ने वाढतं. १.५ धरलं तरी ७२ तासांत ९० पट. ४८ आणि ९०! १६ पटची अट ही नापास ठरवायची रेघ आहे, तब्येत चांगली असल्याचं सर्टिफिकेट नाही. म्हणून कंट्रोलच्या दराचा चार्ट ठेवा, प्रत्येक रनचा एक ठिपका, भिंतीवर चिकटवलेला कागद पण चालतो. आमचा ठिपका बरेच महिने १.५५ च्या आसपास होता आणि मग हळूहळू खाली सरकत गेला, आणि चार्ट नव्हता म्हणून कोणाच्या लक्षातच आलं नाही.

(नावाबद्दल एक, नवीन लोक हमखास गोंधळतात. जुन्या पेपरात सेलेनास्ट्रम कॅप्रिकॉर्नुटम, मधल्या काळातल्या पेपरात स्यूडोकर्चनेरिएल्ला सबकॅपिटाटा, आता राफिडोसेलिस. तिन्ही एकच. नॉर्वेतल्या नितेल्वा नदीतून १९५९ मध्ये वेगळं केलेलं शेवाळ जगभरच्या लॅबमध्ये फिरतंय, नाव तेवढं बदलत राहिलं.)

कंट्रोल का मागे पडतं

आमच्याकडे कारण इतकं साधं निघालं की सांगायला लाज वाटते. शेल्फवर मांडणी ठरलेली होती, कंट्रोलची रांग सगळ्यात मागे भिंतीला लागून, मग पातळ सॅम्पल, मग घट्ट, आणि १०० टक्के सगळ्यात पुढे, कारण पुढचे फ्लास्क बघायला सोपे आणि सगळ्यांना बघायचं असतं तेच. एक दिवस लाईट मीटर घेऊन प्रत्येक जागेवर रीडिंग घेतलं तर पुढे ९५ आणि मागे ५८ मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद. पाहिजे ६० ते १२०. म्हणजे कंट्रोल अंधारात आणि विषारी पाणी फोकसमध्ये, आणि आम्ही म्हणतोय खत मिळालं! तेव्हापासून दोन नियम, फ्लास्क शेल्फवर चिठ्ठ्या टाकून लावायचे आणि रोज मोजताना जागा बदलायच्या. मीटर नुसतं खोलीच्या मध्यभागी धरू नका, फ्लास्क जिथे बसतो तिथे त्याच उंचीवर धरा. ट्यूब जुनी झाली की डोळ्यांना कळत नाही पण शेवाळाला कळतं.

दुसरं कारण मीडियमचं पाणी, आणि याची एक खूण आहे ती पाठ करून ठेवा. सॅम्पल ६ टक्के, १२.५, २५, ५०, १०० असं लावलंय आणि वाढ पायरीपायरीने चढत जातेय, १०० टक्क्याला सगळ्यात जास्त. असं दिसलं की लोक लगेच खत म्हणतात, पण उलटं वाचा, जसजसं मीडियम कमी होतंय तसतशी वाढ सुधारतेय, म्हणजे दोष मीडियममध्ये असू शकतो की नाही? डीआयोनायझरचं कार्ट्रिज संपत आलेलं असतं, किंवा डिस्टिलेशनच्या जुन्या प्लँटमध्ये तांब्याची कॉइल असते आणि तांबं तर या शेवाळाचं जानी दुश्मन. तपासायला सोपं आहे, दुसऱ्या ठिकाणाहून चांगलं पाणी आणायचं, त्याच स्टॉकमधून मीडियम बनवायचं आणि दोन कंट्रोल शेजारी शेजारी लावायचे. फरक पडला तर गुन्हेगार सापडला, नाही पडला तर स्टॉक सोल्यूशनकडे वळा, विशेषतः लोखंडाचं आणि ईडीटीएचं (धातू धरून ठेवणारं रसायन). ज्या बाटलीच्या तळाशी पिवळट-तपकिरी साका बसलाय ती बाटली वरून कितीही स्वच्छ दिसो, टाकून द्या.

मीडियम ऑटोक्लेव्ह करत असाल तर बायकार्बोनेट आधी घालू नका, तापवलं की कार्बन डायऑक्साईड उडून जातो, पीएच चढतो आणि लोखंड-फॉस्फेट खाली बसतं. बायकार्बोनेटचा स्टॉक ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून थंड झाल्यावर घाला, आणि बनवलेलं मीडियम रात्रभर हवेशी जुळू द्या मगच वापरा. घाईत संध्याकाळी बनवून संध्याकाळीच लावलेल्या रनला पहिल्या दिवशी कंट्रोल हमखास रेंगाळतं.

आणि शेवटचं म्हणजे पेरणीचं कल्चर. दोन आठवडे फ्रिजमध्ये पडलेल्या स्टॉकमधून थेट पेशी घेतल्या तर त्या जाग्या व्हायलाच दिवस जातो. टेस्टच्या २ ते ४ दिवस आधी त्याच मीडियममध्ये, त्याच प्रकाशात प्री-कल्चर लावा आणि ते जोरात वाढत असतानाच घ्या. मोजून २० लाख प्रति मिली असेल तर १०० मिली भरलेल्या फ्लास्कला ०.५ मिली पुरे, यापेक्षा जास्त घालावं लागत असेल तर कल्चर पातळ आहे आणि त्याच्याबरोबर जुनं मीडियम पण फ्लास्कमध्ये जातंय.

कंट्रोल ठणठणीत आहे तरी घाण पाणी निर्दोष दिसतंय

आता हे वेगळं प्रकरण. कंट्रोल ८० पट, दर १.४६, काही तक्रार नाही. सॅम्पल ५७ पट, दर १.३५. इनहिबिशन ८ टक्के, म्हणजे जवळजवळ काही नाही. पण रोजचे आकडे बघा. कंट्रोल १०,००० वरून २४ तासांनी ४५,०००, मग २,००,०००, मग ८,००,०००. सॅम्पल १०,००० वरून २०,०००, मग १,०५,०००, मग ५,७०,०००. पहिल्या दिवसाचा दर कंट्रोलचा १.५० आणि सॅम्पलचा ०.६९, म्हणजे पहिल्या दिवशी ५४ टक्के इनहिबिशन! दुसऱ्या दिवसापासून सॅम्पल उलट जास्त वेगाने पळालं आणि तिसऱ्या दिवशी सरासरीत सगळं पुसलं गेलं. जो फक्त ० आणि ७२ तासाला मोजतो त्याला हे कधीच दिसणार नाही. रोज मोजायचा कंटाळा येतो, मान्य आहे, सुट्टीच्या दिवशी लॅबला यायला लागतं, पण निदान २४ तासांचं रीडिंग सोडू नका.

हे असं होतं कारण विष पहिल्या दिवशी होतं आणि नंतर राहिलं नाही. शेकरवर हलवून उडून गेलं असेल, उजेडात फुटलं असेल, काचेला चिकटलं असेल, किंवा पेशी वाढल्या तसं वाटून कमी आलं असेल. कोणतं ते शोधायला एक सोपा जुगाड, सॅम्पलचे दोन जास्तीचे फ्लास्क शेवाळ न घालता २४ तास तसेच शेल्फवर ठेवा, एक उजेडात, एक फॉईल गुंडाळून, आणि मग पेरा. दोन्हीतला त्रास गेला तर उडणारं किंवा चिकटणारं काहीतरी आहे, फक्त उजेडातल्या फ्लास्कमधला गेला तर प्रकाशाने मोडणारं. उडणारं असेल तर बंद बाटलीत, वर हवा न ठेवता, बायकार्बोनेट वाढवून टेस्ट लावावी लागते. आणि सॅम्पल प्रक्रिया केलेल्या पाण्याचं असेल तर आल्या आल्या क्लोरीन तपासा, उरलेलं क्लोरीन पहिल्या दिवशी असाच तडाखा देतं आणि गायब होतं. थायोसल्फेट घातलेला एक आणि न घातलेला एक असे दोन लावले की कळतं, फक्त तेवढंच थायोसल्फेट कंट्रोलमध्ये पण घाला.

मशीन काय मोजतंय, शेवाळ की आणखी काही

फ्लोरोमीटर (शेवाळाची चमक मोजून ते किती आहे सांगणारं मशीन) आल्यापासून मायक्रोस्कोपवर धूळ बसलीय सगळीकडे. एकदा आमच्याकडे नाल्याच्या पाण्यात मायनस ५० च्या वर गेलं, तीनही रेप्लिकेट एकमेकांशी जुळणारे, अगदी सुंदर डेटा. सहज म्हणून एक थेंब हिमोसायटोमीटरवर (मायक्रोस्कोपखाली पेशी मोजायची काचपट्टी) घेतला तर फील्डमध्ये आमच्या चंद्रकोरी कमी आणि गोल गोल हिरव्या पेशीच जास्त. पाण्याबरोबर आलेलं जंगली शेवाळ तीन दिवस आमच्या प्रकाशात मजेत वाढत होतं आणि आम्ही ते आमचं म्हणून मोजत होतो. याच्या उलटही होतं, सॅम्पलमध्ये सिलिएट किंवा रोटिफर असतील तर ते आपलं शेवाळ खाऊन टाकतात आणि रिपोर्टमध्ये ते विष म्हणून जातं.

उपाय म्हणजे प्रत्येक डायल्युशनचा एक फ्लास्क शेवाळ न घालता लावायचा आणि त्याचं रीडिंग रोज वजा करायचं, एकदा सुरुवातीला घेऊन नाही, रोज, कारण जंगली शेवाळ वाढतं आणि पाण्याचा रंग उजेडात बदलतो. ०.४५ मायक्रॉनने गाळलं की पाहुणे जातात, पण कणांना चिकटलेले धातू आणि तेलकट पदार्थ पण जातात, तेव्हा गाळणं हा फुकटचा उपाय नाही. मी आधी सेंट्रिफ्यूज करते, मग गाळते, आणि संशय असेल तर न गाळलेलं पण शेजारी लावून मायक्रोस्कोपने मोजते. फिल्टरमधून पहिले ५०-१०० मिली टाकून द्यायचे, काही फिल्टरवर ओलं होण्यासाठी लावलेलं रसायन असतं ते शेवाळाला चालत नाही. आणि नुसतं मीडियम त्याच फिल्टरमधून गाळून फिल्टर ब्लँक लावायचा, हा नसेल तर उद्या कोणी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर नाही.

फ्लोरोमीटरचा याहून वाईट दगा तणनाशकांच्या बाबतीत आहे. डाययुरॉन, अॅट्राझिन ही मंडळी प्रकाशसंश्लेषणाची साखळी फोटोसिस्टिम २ पाशीच अडवतात. पेशीने पकडलेली ऊर्जा पुढे जात नाही मग ती लाल प्रकाश बनून बाहेर पडते, म्हणजे पेशी बिचारी उपाशी आणि चमकतेय मात्र जास्त. फ्लोरोमीटर म्हणतं बायोमास वाढला. शेतातून वाहून आलेल्या पाण्यात मायनस आलं तर सगळ्यात आधी मायक्रोस्कोपने मोजा, चमक प्रति पेशी किती ते काढा, कंट्रोलच्या दीडपट-दुप्पट येत असेल तर ते खत नाही, तणनाशक आहे. काहींना वाटतं की क्लोरोफिल अॅसिटोनने काढून मोजलं की झालं, ते जिवंत पेशीच्या फ्लोरोसन्सपेक्षा बरं आहे खरं, पण पेशी ताणाखाली क्लोरोफिल कमीजास्त करतात त्यामुळे मोजदादीला पर्याय नाही.

ईडीटीए धातू लपवतं

हे माहीत सगळ्यांना असतं पण हिशोब कोणी करत नाही. ओईसीडीच्या मीडियममध्ये लिटरला ०.१ मिलीग्रॅम ईडीटीएचं मीठ असतं, अमेरिकन एएपी मीडियममध्ये ०.३. ते तांब्याला एकास एक धरतं. रेणूभार लावून काढलं तर ०.१ मिलीग्रॅम म्हणजे सुमारे १७ मायक्रोग्रॅम तांबं आणि ०.३ म्हणजे ५१ मायक्रोग्रॅम. हा वरचा अंदाज झाला, त्यातलं बरंचसं आधीच लोखंडाने अडवलेलं असतं, पण तांबं त्यातून आपला वाटा काढून घेऊ शकतं. आता हे शेवाळ तांब्याला इतकं हळवं आहे की लिटरला काही दहा मायक्रोग्रॅममध्येच ते दबतं. म्हणजे ज्या पातळीवर आपल्याला सिग्नल दिसायला पाहिजे तेवढंच आपलं स्वतःचं मीडियम गिळून बसतं, आणि तुमचं ते ओईसीडीवालं आणि शेजारच्या लॅबचं एएपीवालं असेल तर एकाच पाण्याचे दोन रिझल्ट येणारच, त्यात कोणाची चूक नाही.

मग ईडीटीए काढून टाका असं म्हणाल तर कंट्रोलची वाढ घसरते कारण लोखंड पाण्यात टिकत नाही, आणि परत आपण पहिल्या पानावर. मी दोन सेट लावते, ईडीटीएसकट आणि ईडीटीएशिवाय, दोघांचं कंट्रोल वेगळं. दोन्हीत सारखंच इनहिबिशन आलं तर धातू हे मुख्य कारण नाही. ईडीटीएशिवाय ६० टक्के आणि ईडीटीएसकट ५ टक्के आलं तर धातूकडे बोट दाखवायला हरकत नाही, मग आयसीपीवर (धातू मोजायचं मशीन) पाठवा. फक्त एक लक्षात ठेवा, नदी-नाल्याच्या तपकिरी पाण्यातलं ह्युमिक अॅसिड पण हेच काम करतं. ते लोखंड धरून ठेवतं आणि ईडीटीए नसलेल्या सेटमध्ये सॅम्पलला कंट्रोलपेक्षा पुढे नेतं, म्हणजे इथेही मायनस, आणि इथेही हरलेलं आहे ते कंट्रोलच.

पीएचबद्दल थोडक्यात, कारण हे सगळीकडे लिहिलेलं असतं. शेवाळ कार्बन डायऑक्साईड खातं, पीएच चढतो, कंट्रोलमध्ये चढ १.५ च्या आत पाहिजे. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये १०० मिलीच घ्या, हवा जाईल असं बूच लावा, हलवत राहा, पेशी कमी पेरा. पीएच ९ च्या वर गेला की धातू खाली बसतात आणि सॅम्पल निष्पाप दिसायला लागतं, त्यामुळे पीएच शेवटी प्रत्येक डायल्युशनचा मोजा, फक्त कंट्रोलचा नको.

गाळाचं सॅम्पल असेल तर

इथे तर वरचं सगळं एकदम होतं. गाळाचा अर्क काढायची नेहमीची पद्धत म्हणजे एक भाग गाळ आणि चार भाग पाणी, अर्धा तास ढवळायचं, तासभर बसू द्यायचं, वरचं पाणी घेऊन सेंट्रिफ्यूज. काळा, सडक्या अंड्याचा वास येणारा गाळ असतो त्यात प्राणवायू नसतो, लोखंड विरघळलेल्या रूपात असतं. तो अर्क हवेत आला की आधी स्वच्छ दिसणारं पाणी डोळ्यांदेखत गढूळ होतं, मग केशरी, आणि थोड्या वेळाने तळाला गंजासारखा मऊ थर. हा थर बघून लोक खूष होतात की चला बसलं एकदाचं, वरचं निवळ घेऊ. पण तो थर खाली जाताना फॉस्फेट आणि तांबं-शिसं-जस्त सगळं बरोबर ओढून नेतो. म्हणजे जे मोजायचं होतं ते तळाला राहिलं आणि आपण निवळीची टेस्ट करतोय. अर्क शक्यतो नायट्रोजनखाली काढा, ते जमत नसेल तर निदान प्रत्येक वेळी अर्क काढल्यापासून पेरणीपर्यंतचा वेळ सारखा ठेवा आणि लिहून ठेवा. एकाच गाळाचे सकाळी पेरलेले आणि दुसऱ्या दिवशी पेरलेले रिझल्ट आमच्याकडे ओळखू न येण्याइतके वेगळे आलेत.

गाळात दुसरा कलाकार म्हणजे अमोनिया, आणि हा दुतोंडी आहे. थोडा असेल तर शेवाळाचं खाद्य, जास्त असेल आणि पीएच चढला तर विष. २५ अंशाला पीएच ८ असताना एकूण अमोनियातला साधारण ५ टक्के भाग विषारी मोकळ्या रूपात असतो, पीएच ९ ला तोच ३६ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे फ्लास्क सुरू केला तेव्हा पाणी ठीक होतं आणि तिसऱ्या दिवशी शेवाळानेच पीएच चढवून स्वतःचा गळा आवळला, असं पण होतं. यात तुम्हाला पहिले दोन दिवस मायनस आणि तिसऱ्या दिवशी एकदम ब्रेक दिसेल. अमोनिया सुरुवातीला मोजलाच पाहिजे, नाहीतर त्या गाळातल्या धातूंना उगाच शिव्या बसतात.

गाळ ४ अंशाला, अंधारात, डबा काठोकाठ भरून ठेवा. गोठवू नका, गोठवून परत वितळवला की कणांची रचना मोडते आणि जे सुटायचं नाही ते सुटतं. आणि एक प्रश्न नेहमी येतो, की अर्क कशाला, थेट गाळावरच शेवाळ का वाढवत नाही? करतात, तळाशी राहणारे डायटम (एक प्रकारचं शेवाळ) वापरून करतात, पण गाळाच्या कणांमधून पेशी वेगळ्या मोजायला फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी मोजणारं मशीन) लागतो. साध्या लॅबने राफिडोसेलिस गाळावर ओतून फ्लोरोमीटरने मोजायच्या फंदात पडू नये, अर्धं शेवाळ गाळात दबतं, अर्धं सावलीत, आणि मशीन गाळातल्या जुन्या क्लोरोफिलचं पण रीडिंग देतं.

रंगीत पाणी असेल, डाईंगचं वगैरे, तर वाढ कमी झाली ती विषाने की सावलीने हे वेगळं करावं लागतं. कंट्रोलचा एक सेट असा ठेवा की त्याच्या आणि दिव्याच्या मध्ये रंगीत पाण्याचा उथळ ट्रे येईल, थर साधारण फ्लास्कमधल्या पाण्याएवढा जाड. शेवाळ आणि रंग एकमेकांना शिवत नाहीत, फक्त सावली पडते. त्या सेटमध्ये पण वाढ तेवढीच घटली तर दोष रंगाच्या सावलीचा, विषाचा नाही.

हे सगळं करूनही मायनस राहिलं तर? राहतं कधी कधी. कमी डोसला शेवाळ खरंच थोडं चेकाळतं, आणि सांडपाण्यात बायकार्बोनेट भरपूर असेल तर कार्बनच्या बाबतीत सॅम्पल खरोखर वरचढ असतं. मग तो आकडा शून्य करू नका, मायनसच लिहा, शेजारी कंट्रोलचा दर, सुरुवातीचा आणि शेवटचा पीएच, ईडीटीए होतं की नव्हतं, आणि मोजणी कशाने केली ते लिहा. पोटॅशियम डायक्रोमेटचा (ओळखीच्या विषाचा) रेफरन्स रन त्याच बॅचच्या मीडियममध्ये त्याच आठवड्यात झालेला असेल तर त्याचा ईसी ५० (वाढ निम्म्यावर आणणारं प्रमाण) पण जोडा, तो तुमच्या नेहमीच्या पट्ट्यात असला तर मायनसवर विश्वास ठेवता येतो, बाहेर असला तर आधी शेल्फच्या मागच्या रांगेत लाईट मीटर धरून बघा.